डिलीट केलं तरी डिस्क भरलेलीच: पोस्टग्रेसमध्ये जागा कोण अडवून धरतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसची १५ वी आवृत्ती, ५०० जीबीची डिस्क, एक रेप्लिका (दुसऱ्या सर्व्हरवर चालणारी डेटाबेसची प्रत). व्यवहारांच्या नोंदींचं एक टेबल आहे. त्यातला डेटा १२० जीबी, पाच इंडेक्स मिळून आणखी ६० जीबी. ३० कोटी रेकॉर्डपैकी जुने १७ कोटी एकाच डिलीट स्टेटमेंटने उडवले. दोन दिवस झाले तरी डिस्क ९२ टक्क्यांवरच आहे, ऑटोव्हॅक्यूम (खोडलेले रेकॉर्ड आपोआप साफ करणारी प्रक्रिया) सतत चालू दिसतो आणि क्वेऱ्या आधीपेक्षा हळू झाल्यात. रविवारी रात्री व्हॅक्यूम फुल चालवावा का?

नको. या डिस्कवर तो पूर्णच होणार नाही. व्हॅक्यूम फुल टेबलाची नवी प्रत लिहितो, इंडेक्स नव्याने बांधतो आणि सगळं झाल्यावरच जुन्या फाइली सोडतो. उरलेल्या १३ कोटी रेकॉर्डचे साधारण ५२ जीबी आणि त्यांच्या इंडेक्सचे २६, म्हणजे ७८ जीबी नवी जागा लागेल. तुमच्याकडे मोकळी आहे चाळीसच्या आत. वर रेप्लिका असल्यामुळे ही नवी प्रत वॅलमध्येही, म्हणजे बदलांच्या नोंदवहीतही, लिहिली जाणार. टेबल काही तास पूर्ण कुलूपबंद राहील, साधं सिलेक्टसुद्धा चालणार नाही, आणि शेवटी हाती येईल ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. पीजी_वॅल फोल्डर त्याच डिस्कवर असेल तर एररवर भागत नाही, सर्व्हर पॅनिक होऊन बंदच पडतो.

मुळात डिलीटने जागा का सुटत नाही ते बघू. खतावणीत चुकलेली ओळ खोडतात, पान फाडत नाहीत, तसंच पोस्टग्रेसचं आहे. डिलीट म्हणजे रेकॉर्डच्या हेडरमध्ये ‘अमुक ट्रान्झॅक्शनने हे खोडलं’ एवढी खूण. अपडेट म्हणजे जुन्या प्रतीवर तीच खूण आणि शेजारी नवी प्रत. हा स्वभाव जुना आहे. १९८६ साली बर्कलीत मायकल स्टोनब्रेकर यांनी सुरू केलेल्या मूळ पोस्टग्रेस प्रकल्पात डेटा कधीच जागच्या जागी पुसायचा नाही, असं ठरवलेलं होतं. जुनी रूपंही विचारता यावीत हा हेतू होता. ती सोय नंतर काढून टाकली, खोडण्याची पद्धत मात्र राहिली. झाडू मारण्याचं काम व्हॅक्यूमकडे आलं ते त्यामुळे.

साधा व्हॅक्यूम खोडलेल्या जागा ‘पुन्हा वापरायला मोकळ्या’ अशा नोंदवतो. ऑपरेटिंग सिस्टिमला तो जागा परत देतो ती फक्त फाइलच्या शेपटीकडची सलग रिकामी पानं कापून. तुम्ही जुने रेकॉर्ड उडवलेत, म्हणजे रिकामी पानं फाइलच्या सुरुवातीला आहेत आणि शेपटीला ताजे, जिवंत रेकॉर्ड. कापण्यासारखं काही नाही. व्हॅक्यूम अगदी नीट झाला तरी डीएफचा (डिस्क किती भरली ते सांगणाऱ्या कमांडचा) आकडा हलणार नाही, आणि ते बरोबरच आहे. ६८ जीबी टेबलाच्या आत मोकळे होतील आणि पुढचे इन्सर्ट त्यात बसतील. महिन्याला ४ जीबीची भर पडत असेल तर सतरा महिने फाइल वाढणार नाही. जागा परत मिळवणं आणि जागा पुन्हा वापरता येणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि रोजच्या कारभारात बहुतेक वेळा दुसरंच पुरतं.

पण तुमच्याकडे दुसरंही होत नाहीये असं दिसतं. म्हणून आधी निदान, मग औषध.

पहिल्यांदा डिस्क खरंच कशाने भरली आहे ते बघा. डेटा डिरेक्टरीत ‘बेस’, ‘पीजी_वॅल’ आणि लॉग फोल्डर यांचा डीयू (फोल्डरचा आकार सांगणारी कमांड) वेगवेगळा काढा. १७ कोटींच्या एका डिलीटने वॅलही भरपूर तयार होतो. वॅलची एक फाइल १६ एमबीची असते, त्यामुळे पीजी_वॅलमध्ये हजारो फाइली साठल्या असतील तर तिथेच पन्नास-शंभर जीबी अडकलेले सापडू शकतात. मॅक्स_वॅल_साइझ ही पक्की मर्यादा नाही, हे अनेकांच्या लक्षात नसतं. वॅल साठण्याची नेहमीची कारणं दोन. एकतर आर्काइव्ह कमांड (वॅलच्या फाइली बॅकअपला नेणारी) नापास होत असते. पीजी_स्टॅट_आर्कायव्हरमध्ये फेल्ड_काउंट वाढत असेल आणि लास्ट_फेल्ड_वॅल तीच फाइल पुन्हापुन्हा दाखवत असेल तर हेच समजा. नाहीतर कुणीच वाचत नसलेला रेप्लिकेशन स्लॉट (वाचणारा कुठवर आला ते लक्षात ठेवून त्याच्यासाठी वॅल राखणारी नोंद) पडून असतो. पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्समध्ये ‘ॲक्टिव्ह’ खोटं असलेला आणि रीस्टार्ट_एलएसएन फार मागे राहिलेला स्लॉट शोधा. वर्षभरापूर्वी कुणीतरी सीडीसीचा (डेटातले बदल दुसरीकडे पाठवण्याचा) प्रयोग केलेला असतो आणि स्लॉट तसाच राहिलेला असतो. तो कुणाचाच नाही अशी खात्री करून पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉटने काढा. पुढच्या चेकपॉइंटला वॅल आपोआप साफ होईल. पीजी_वॅलमधल्या फाइली हाताने आरएम करू नका. ‘जुन्या दिसतात’ म्हणून पुसलेली एखादी फाइल क्रॅश रिकव्हरीला लागणारी निघाली तर सर्व्हर उठणार नाही आणि बॅकअपवर यावं लागेल.

डीएफ आणि डीयू यांचे आकडे जुळत नसतील तर पुसलेली फाइल एखाद्या प्रोसेसने अजून उघडी धरलेली असते. एलएसओएफला (उघड्या फाइली दाखवणाऱ्या कमांडला) ‘+एल१’ देऊन बघा. बहुतेक वेळा तो लॉग रोटेट झाल्यावरही जुन्या फाइलला चिकटलेला एजंट निघतो.

दोन दिवसांनंतरही मेलेले रेकॉर्ड साफ होत नाहीत, तेव्हा लोक ऑटोव्हॅक्यूमच्या सेटिंगना हात घालतात: वर्कर वाढव, डिले शून्य कर. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. व्हॅक्यूम सहसा आळशी नसतो, त्याला कुणीतरी अडवलेलं असतं. एखादं ट्रान्झॅक्शन डिलीटच्या आधीपासून उघडं असेल तर त्याला ते १७ कोटी रेकॉर्ड अजून ‘दिसायला’ हवेत, म्हणून व्हॅक्यूम त्यांना हात लावू शकत नाही. तो सगळं टेबल वाचतो, काहीही न पुसता परत जातो, आणि मिनिटभराने ऑटोव्हॅक्यूम त्याला पुन्हा पाठवतो. ‘सतत चालू दिसतो’ याचा अर्थ बहुधा हाच.

पुरावा लॉगमध्ये मिळतो. लॉग_ऑटोव्हॅक्यूम_मिन_ड्युरेशन १५ व्या आवृत्तीपासून दहा मिनिटांवर असतो, त्यामुळे एवढ्या मोठ्या टेबलाची नोंद तुमच्या लॉगमध्ये आधीच असेल. त्यात साधारण अशी ओळ शोधा (ट्युपल म्हणजे रेकॉर्ड): ‘ट्युपल्स: ० रिमूव्हड, ३०००००००० रिमेन, १७००००००० आर डेड बट नॉट येट रिमूव्हेबल’. त्याच्या खाली ‘रिमूव्हेबल कटऑफ’ हा आकडा आणि तो किती ट्रान्झॅक्शन जुना आहे ते लिहिलेलं असतं. ‘नॉट येट रिमूव्हेबल’ मोठं आणि ‘रिमूव्हड’ शून्य, म्हणजे कुणीतरी अडवलंय हे नक्की. कॉन्फिगरेशन फाइल बंद करा आणि अडवणाऱ्याला शोधा.

तो चारांपैकी एक असतो.

पहिला आणि सर्वांत जास्त वेळा सापडणारा, उघडं राहिलेलं ट्रान्झॅक्शन. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमधून पीआयडी, यूझनेम, ॲप्लिकेशन_नेम, स्टेट, झॅक्ट_स्टार्ट आणि बॅकएंड_एक्सआयडी (सेशनचा स्वतःचा ट्रान्झॅक्शन क्रमांक) व बॅकएंड_एक्समिन (त्याला लागणारा सर्वांत जुना क्रमांक) या दोन्हींचं एज(), म्हणजे वय, काढा. दोहोंपैकी जे मोठं असेल त्यावर उतरत्या क्रमाने लावा. वर येईल तो आरोपी. इथे एक बारकावा आहे. रीड कमिटेडमध्ये (ट्रान्झॅक्शनच्या नेहमीच्या पातळीत) नुसतं वाचून ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ बसलेलं सेशन सहसा काही अडवत नाही, कारण स्टेटमेंट संपताच त्याचा स्नॅपशॉट (त्याला दिसणारं डेटाचं चित्र) सुटतो. पण त्याने एक जरी अपडेट केला असेल, किंवा ते रिपीटेबल रीडमध्ये (ट्रान्झॅक्शनभर एकच स्नॅपशॉट) असेल, तर ते शेवटपर्यंत धरून बसतं. पीजी_डंप रिपीटेबल रीडमध्येच चालतो, म्हणजे आठ तासांचा डंप आठ तास व्हॅक्यूमला रोखतो. आणखी एक: दुसऱ्या डेटाबेसमधलं लांबलेलं ट्रान्झॅक्शन तुमच्या साध्या टेबलांना अडवत नाही. डेटनेम बघितल्याशिवाय कुणाचं सेशन मारू नका.

मारायचं ठरलं तर पीजी_कॅन्सल_बॅकएंड इथे उपयोगाचा नाही. तो चालू क्वेरी थांबवतो, आणि आयडल सेशनमध्ये क्वेरी चालूच नसते. पीजी_टर्मिनेट_बॅकएंड लागतो. लिनक्सच्या प्रॉम्प्टवरून ‘किल -९’ मात्र कधीही नाही. एक बॅकएंड (एका सेशनची प्रोसेस) असा मेला की शेअर्ड मेमरी बिघडली असेल या शंकेने पोस्टमास्टर (पोस्टग्रेसची मुख्य प्रोसेस) सगळीच सेशनं तोडतो आणि क्रॅश रिकव्हरी सुरू करतो. एकाला काढायला जाल आणि शंभर जण बाहेर पडतील.

दुसरा अडवणारा रेप्लिकेशन स्लॉट. पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्समध्येच एक्समिन आणि कॅटलॉग_एक्समिन हे कॉलम असतात. स्लॉट वॅल अडवतो हे बहुतेकांना ठाऊक असतं, व्हॅक्यूमही अडवू शकतो हे कमी जणांना. तिसरी रेप्लिका. तिच्यावर हॉट_स्टँडबाय_फीडबॅक (आपल्याला कोणते जुने रेकॉर्ड अजून लागतात ते मुख्य सर्व्हरला कळवणं) चालू असेल तर तिथला चार तासांचा रिपोर्ट प्रायमरीवरच्या, म्हणजे मुख्य सर्व्हरवरच्या, व्हॅक्यूमला चार तास थांबवतो. प्रायमरीच्या पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीत त्या रिपोर्टचा मागमूस नसतो. पीजी_स्टॅट_रेप्लिकेशनमधला बॅकएंड_एक्समिन बघावा लागतो, आणि स्लॉट वापरत असाल तर स्लॉटचा एक्समिन. फीडबॅक बंद केला की रिपोर्ट मध्येच ‘कॉन्फ्लिक्ट विथ रिकव्हरी’ म्हणून तुटू लागतात, कारण मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले मुळात ३० सेकंदांचा असतो. माझं मत स्पष्ट आहे. रिपोर्टसाठी वेगळी रेप्लिका ठेवा, तिच्यावर फीडबॅक बंद आणि डिले दोन-तीन तास. फेलओव्हरची (प्रायमरी पडल्यास तिची जागा घेणारी) रेप्लिका वेगळी. एकाच रेप्लिकेकडून दोन्ही कामं घेणाऱ्याला कधी ना कधी यातला एक त्रास होतोच.

चौथा म्हणजे टू-फेज कमिटमधलं (आधी तयारी, मग पक्कं करणं अशा दोन टप्प्यांतलं) अर्धवट राहिलेलं ट्रान्झॅक्शन. पीजी_प्रिपेअर्ड_झॅक्ट्समध्ये दिसतं, रीस्टार्ट करूनही जात नाही, आणि ‘रोलबॅक प्रिपेअर्ड’ला त्याची ओळख देऊन काढावं लागतं. मॅक्स_प्रिपेअर्ड_ट्रान्झॅक्शन्स शून्य असेल, आणि मुळात तो शून्यच असतो, तर हा मुद्दा सोडून द्या.

अडवणारा गेला की व्हॅक्यूम आपला आपण काम करेल. पण तुमच्या आकड्यांत आणखी एक गोम आहे. १६ व्या आवृत्तीपर्यंत व्हॅक्यूम मेलेल्या प्रत्येक रेकॉर्डचा पत्ता ६ बाइटमध्ये मेमरीत साठवतो. ही मेमरी मेंटेनन्स_वर्क_मेम एवढी. न बदललेली असेल तर ६४ एमबी, म्हणजे सुमारे १ कोटी ११ लाख पत्ते. पिशवी भरली की व्हॅक्यूम टेबल वाचणं थांबवतो, पाचही इंडेक्स सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचतो, त्यातून ते पत्ते काढतो आणि पुन्हा टेबलाकडे येतो. १७ कोटींसाठी अशा सोळा फेऱ्या. ६० जीबीचे इंडेक्स सोळा वेळा वाचायचे, तेही ऑटोव्हॅक्यूमच्या आवरत्या वेगाने. मेमरी १ जीबी केली तर सुमारे १७ कोटी ८९ लाख पत्ते मावतात आणि सगळं एका फेरीत आटोपतं. १ जीबीच्या वर देऊन उपयोग नाही, जुन्या आवृत्त्यांत तीच कमाल मर्यादा. १७ व्या आवृत्तीत पत्ते साठवायची पद्धतच बदलली आणि हा प्रश्न जवळजवळ संपला.

फेऱ्या किती झाल्या ते पीजी_स्टॅट_प्रोग्रेस_व्हॅक्यूममध्ये इंडेक्स_व्हॅक्यूम_काउंट या कॉलमात दिसतं. तिथे ४, ५, ६ असं चढत असेल तर त्या वर्करची वाट बघायची नाही. नव्या सेशनमध्ये मेंटेनन्स_वर्क_मेम १ जीबी आणि मॅक्स_पॅरलल_मेंटेनन्स_वर्कर्स ४ करायचं, मग ‘व्हॅक्यूम’ला ‘व्हर्बोज’ आणि ‘पॅरलल ४’ हे पर्याय देऊन हाताने चालवायचा. पाच इंडेक्स असल्यामुळे चार वर्कर आणि मुख्य प्रोसेस मिळून एकेक वाटून घेतात. ऑटोव्हॅक्यूम हे समांतर काम करत नाही. हाताने व्हॅक्यूम सुरू केला की तो टेबलाच्या लॉकसाठी थांबतो, आणि सेकंदभरात आधीचा ऑटोव्हॅक्यूम स्वतःहून माघार घेतो. त्याच्या पूर्ण झालेल्या फेऱ्यांतली साफसफाई वाया जात नाही. हे सगळं टीमक्स किंवा स्क्रीनमध्ये चालवा. व्हीपीएन तुटून काम मध्येच गेलं म्हणजे चिडचिड नुसती.

हाताने चालवलेल्या व्हॅक्यूमला वेगाचा लगाम नसतो. दिवसा चालवायचा असेल तर त्या सेशनमध्ये व्हॅक्यूम_कॉस्ट_डिले २ मिलिसेकंद आणि लिमिट २००० ठेवा. हिशेब असा: नेहमीचं लिमिट २०० आणि डिले २ मिलिसेकंद, पान डागाळण्याचा खर्च २०. म्हणजे दर २ मिलिसेकंदाला १० पानं, ८ केबीच्या पानाने सेकंदाला फार तर ४० एमबी लेखन. हे लिमिट सगळ्या ऑटोव्हॅक्यूम वर्करांत वाटलं जातं. वर्कर तीनचे सहा केले की काम दुप्पट होत नाही, तीच भाकरी सहा जणांत वाटली जाते. वाढवायचं असेल तर आधी लिमिट १००० ते २००० पर्यंत न्या, वर्करांकडे नंतर बघा.

‘ऑटोव्हॅक्यूम सुरू होतो पण संपत नाही’ याचं आणखी एक कारण त्याच माघार घेण्याच्या सवयीत आहे. दर पंधरा मिनिटांनी एखादी क्रॉन जॉब त्या टेबलावर इंडेक्स बांधत किंवा ऑल्टर करत असेल, तर दरवेळी व्हॅक्यूम मागे सरतो. लॉगमध्ये ‘कॅन्सलिंग ऑटोव्हॅक्यूम टास्क’ असं लिहून येतं. ते शोधा.

आता क्वेऱ्या हळू का झाल्या. मेलेल्या रेकॉर्डचे पत्ते इंडेक्समध्ये असतातच. ‘सर्वांत जुनी नोंद द्या’ अशी, तारखेच्या इंडेक्सवरून एकच रेकॉर्ड आणणारी क्वेरी पूर्वी मिलिसेकंदात यायची. आता ती इंडेक्सच्या डाव्या टोकापासून निघते आणि कोट्यवधी मढी ओलांडल्यावर तिला पहिला जिवंत रेकॉर्ड भेटतो. एक्सप्लेनमध्ये (क्वेरी कशी चालली ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये) ‘रोज’, म्हणजे रेकॉर्डची संख्या, १ दिसते, आणि ‘बफर्स’ पर्याय दिला की खरं चित्र कळतं: एका रेकॉर्डसाठी लाखो पानं वाचलेली. इंडेक्स वापरला जातोय म्हणून ‘क्वेरी ठीक आहे’ असा शेरा मारून लोक इथेच फसतात. व्हॅक्यूमनंतर हे आपोआप सुटतं. त्याच्यामागून ॲनलाइझ चालवा, कारण प्लॅनरला (क्वेरीचा मार्ग ठरवणाऱ्या भागाला) अजून ३० कोटी रेकॉर्ड आणि जुन्या तारखाच माहीत आहेत.

इंडेक्स मात्र सगळे सारखे वागत नाहीत. तारखेच्या किंवा चढत्या क्रमांकाच्या इंडेक्समध्ये जुन्या नोंदी शेजारीशेजारी असतात. पान पूर्ण रिकामं होतं आणि पुन्हा वापरात येतं. ग्राहक क्रमांक किंवा यूयूआयडीच्या इंडेक्समध्ये प्रत्येक पानातून थोडं थोडं गेलेलं असतं, आणि पोस्टग्रेसचा बी-ट्री (नेहमीच्या प्रकारचा इंडेक्स) दोन अर्धवट पानं एकत्र करत नाही. ते इंडेक्स ५७ टक्के पोकळ राहतात आणि मेमरीत उगाच जागा खातात. म्हणून व्हॅक्यूमनंतर या दुसऱ्या प्रकारचे इंडेक्स रीइंडेक्स कनकरंटलीने नव्याने बांधा. १२ व्या आवृत्तीपासून ते आहे आणि वाचन-लेखन थांबवत नाही. सर्वांत लहान इंडेक्सपासून सुरुवात करा. १० जीबीच्या इंडेक्सला सव्वाचार जीबी नवी जागा लागते, आणि संपल्यावर पावणेसहा जीबी हाती राहतात. त्या मोकळ्या जागेत पुढचा. मध्ये काही बिनसलं तर ‘_सीसीन्यू’ शेपटीचा अवैध इंडेक्स मागे राहतो. वाचायला तो वापरला जात नाही, पण प्रत्येक इन्सर्टला त्याचा खर्च पडू शकतो. पीजी_इंडेक्समध्ये इंडिसव्हॅलिड खोटं असलेले शोधून ड्रॉप करा.

आज, आत्ता श्वास घ्यायला जागा हवी असेल तर एक जुनी युक्ती. ईएक्सटी४ फाइल सिस्टिम मुळात ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. ५०० जीबीत २५ जीबी. डेटाची डिस्क वेगळी असेल तर ‘ट्यून२एफएस -एम १’ करून २० जीबी त्याच क्षणी मिळतात, अनमाउंटची गरज नाही. एक्सएफएसला हे लागू नाही. मिळालेल्यातल्या २ जीबीची एक बिनकामाची फाइल करून ठेवा. डिस्क शंभर टक्के झालीच तर ती पुसून निदान सर्व्हर उठवता येतो.

टेबलातले ६८ जीबी खरोखर परत हवे आहेत का, हे आता ठरवा. बहुतेक क्लाउडवर डिस्क वाढवता येते, कमी करता येत नाही. त्यामुळे मोकळे केलेले जीबी बिलात दिसतातच असं नाही. टेबल पुन्हा भरणार असेल तर हात लावू नका. पूर्ण टेबल वाचणाऱ्या क्वेऱ्या बऱ्याच असतील, किंवा बॅकअपचा वेळ हाताबाहेर गेला असेल, तर पीजी_रिपॅक, म्हणजे टेबल वापरात असतानाच त्याची नवी प्रत बांधणारं एक्स्टेंशन. त्यालाही नवी प्रत पूर्ण मावेल एवढी जागा लागते. फरक एवढाच की लॉक सुरुवातीला आणि शेवटी थोडा वेळ. टेबलाला प्रायमरी की किंवा नल नसलेला युनिक इंडेक्स हवा. एक्स्टेंशनची आणि कमांडची आवृत्ती तंतोतंत एक हवी. सांगायलाच हवी अशी गोष्ट म्हणजे लॉक मिळवताना तो मुळात ६० सेकंद थांबतो, मग आडव्या येणाऱ्या क्वेऱ्या कॅन्सल करतो, आणि तरी नाही जमलं तर सेशन तोडतो. हे नको असेल तर ‘नो-किल-बॅकएंड’ पर्याय द्या. जागाच नसेल तर तात्पुरती दुसरी डिस्क जोडून तिच्यावर टेबलस्पेस करा आणि रिपॅकला तिकडेच नवी प्रत लिहायला सांगा.

उरलेल्या १३ कोटींच्या टेबलासाठी ऑटोव्हॅक्यूमचा उंबरठाही बदला. स्केल फॅक्टर मुळात ०.२, म्हणजे २ कोटी ६० लाख रेकॉर्ड मरेपर्यंत तो फिरकत नाही. याच टेबलापुरता ऑल्टर टेबलने ०.०१ करा, म्हणजे १३ लाखांवर सुरू होईल. संपूर्ण सर्व्हरचा बदलू नका, छोट्या टेबलांना ०.२ ठीक आहे.

पुढच्या वर्षीचं डिलीट असं एका घासात नको. प्रायमरी कीच्या पट्ट्यांनी पाच ते दहा हजारांच्या तुकड्यांत, प्रत्येक तुकड्याला कमिट, आणि अधूनमधून रेप्लिका किती मागे पडली ते बघून थांबा. ऑफसेट वापरू नका, प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा हळू होत जातो. त्याआधी एक तपासणी: या टेबलाकडे बोट दाखवणाऱ्या फॉरेन की ज्या टेबलांत आहेत, तिथल्या कॉलमवर इंडेक्स आहे का? पोस्टग्रेस तो आपणहून बनवत नाही. नसेल तर प्रत्येक पुसलेल्या रेकॉर्डमागे मुलाचं (फॉरेन की असलेलं) टेबल पूर्ण वाचलं जातं, आणि एक्सप्लेन ॲनलाइझमध्ये तो वेळ डिलीटच्या नावावर न दिसता खाली ट्रिगरच्या ओळीत दिसतो. ‘डिलीट लटकलंय’ अशा तक्रारींत बऱ्याचदा हेच असतं.

खरा उपाय महिनावार पार्टिशन, म्हणजे दर महिन्याचा डेटा टेबलाच्या वेगळ्या भागात. जुना महिना ड्रॉप केला की फाइलच जाते. ना व्हॅक्यूम, ना पोकळ इंडेक्स, आणि डीएफचा आकडा लगेच खाली. किंमत एवढी की प्रायमरी कीमध्ये तारखेचा कॉलम घ्यावा लागतो, म्हणजे फक्त क्रमांक युनिक आहे ही हमी डेटाबेस देत नाही. ते चालणार आहे का हे ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यांना आधी विचारा. पार्टिशन सुटं करायला १४ पासून डिटॅच कनकरंटली आहे, पण डिफॉल्ट पार्टिशन ठेवलेलं असेल तर ते नकार देतं. साधं ड्रॉप करायचं तर आधी लॉक_टाइमआउट २ सेकंद. नाहीतर तुमचं ड्रॉप एका लांबलेल्या सिलेक्टमागे रांगेत उभं राहतं आणि त्याच्यामागे सगळं ॲप्लिकेशन. दोन सेकंदांत नाही मिळालं लॉक तर सोडा, मिनिटभराने पुन्हा प्रयत्न. अडवणारा कोण हे पीजी_ब्लॉकिंग_पीआयडीज सांगतो.

सर्व्हरवर तीन कुंपणं आजच घाला. आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट दहा मिनिटं. ॲप्लिकेशनच्या यूझरपुरतं, डीबीए यूझरला नको. मॅक्स_स्लॉट_वॅल_कीप_साइझ, जो मुळात अमर्याद असतो, ५० जीबीच्या आसपास. मागे पडलेला स्लॉट निकामी होईल आणि ती रेप्लिका पुन्हा बांधावी लागेल, पण प्रायमरी वाचेल. आणि एज(डेटफ्रोझनएक्सआयडी) वर, म्हणजे अजून न गोठवलेल्या सर्वांत जुन्या ट्रान्झॅक्शन क्रमांकाच्या वयावर, अलार्म. ट्रान्झॅक्शनचा क्रमांक ३२ बिटांचा आहे. वापरता येणारं अंतर सुमारे २०० कोटी. २० कोटींवर ‘टू प्रिव्हेंट रॅपअराउंड’ (क्रमांक फिरून पुन्हा सुरुवातीला येण्यापूर्वीची खबरदारी) नावाचा व्हॅक्यूम सुरू होतो, त्याला घाबरू नका आणि मारूही नका, तो नेहमीच्या कामातलाच आहे. अलार्म ५० कोटींवर ठेवा. तिथवर आकडा गेला म्हणजे तो व्हॅक्यूमसुद्धा काम पुरं करू शकत नाहीये, आणि अडवणारा बहुधा वर सांगितलेल्या चौघांपैकीच असतो. जोडीला आणखी एक शक्यता तपासा. एखाद्या कनेक्शन पूलमध्ये महिनोन्‌महिने उघडं असलेलं सेशन आणि त्यातलं टेंपररी टेबल. दुसऱ्याच्या टेंपररी टेबलाला ऑटोव्हॅक्यूम हात लावू शकत नाही. ते सेशन बंद केलं की टेबल जातं आणि पुढच्या व्हॅक्यूमनंतर आकडा खाली येतो.